हायब्रिड गाडीचे टायर बदलताना: भाव, माप आणि बिल यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायब्रिडला टायर घेताना तीन खर्च एकत्र धरावे लागतात: टायरचा भाव, तो बसवून घेण्याचा खर्च, आणि पुढची काही वर्षं तो टायर जे इंधन वाचवेल किंवा जास्त खाईल त्याचा खर्च. दुकानात बोलणं होतं ते फक्त पहिल्याबद्दल. खालची उत्तरं तिन्ही धरून दिली आहेत.

हायब्रिडला खास ‘हायब्रिडचेच’ टायर लागतात का?

नाही. माप, भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आणि वेगाचं अक्षर बरोबर असेल तर साधा पॅसेंजर टायर हायब्रिडला चालतो. काही टायरच्या बाजूवर ‘ईव्ही’ (विजेची गाडी) किंवा ‘एचईव्ही’ (हायब्रिड) असा शिक्का असतो. तो त्या-त्या कंपनीने आपल्या पद्धतीने मारलेला असतो, सगळ्या कंपन्यांना लागू असलेलं एकच मानक त्यामागे नाही. नुसत्या शिक्क्यासाठी जास्त पैसे मागत असतील तर ‘या टायरचं लेबल काय सांगतं?’ एवढं विचारा.

हायब्रिडला टायरकडून काही गोष्टी जास्त हव्या असतात हे मात्र खरं. बॅटरीमुळे गाडी तिच्या पेट्रोल आवृत्तीपेक्षा थोडी जड असते. विजेची मोटर सुरू होताक्षणी पूर्ण जोर देते, त्यामुळे ती ज्या चाकांना जोडलेली असते (बहुतेक गाड्यांत पुढच्या) ते टायर लवकर झिजतात. शहरात इंजिन बंद असताना टायरचा आवाज थेट कानावर येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे फिरताना टायर सतत दबतो-सुटतो त्यात खर्च होणारी ऊर्जा. ब्रेक दाबल्यावर वाया जाणारी बरीच ऊर्जा हायब्रिड बॅटरीत परत घेते. टायरच्या रबरात उष्णता होऊन गेलेली ऊर्जा मात्र कुठलीही मोटर परत आणू शकत नाही. म्हणून चुकीच्या टायरने हायब्रिडचं ॲव्हरेज पडलं की ते लगेच जाणवतं.

भाव विचारण्याआधी कोणती माहिती हाताशी हवी?

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. त्याचा फोटो काढा. त्यावर टायरचं माप आणि हवेचा दाब दिलेला असतो. सध्या गाडीला बसलेल्या टायरवरून माप वाचू नका; आधीच्या मालकाने भलतंच माप घातलेलं असू शकतं.

समजा १९५/६५ आर१५ ९१एच असं लिहिलं आहे. १९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत, ९१ हा भारांक आणि ‘एच’ हे वेगाचं अक्षर. यातला शेवटचा ‘९१एच’ हा तुकडा बहुतेक लोक फोनवर सांगतच नाहीत आणि तिथेच घोळ होतो, कारण त्याच मापात कमी भारांकाचा स्वस्त टायर मिळतो आणि दुकानदार तोच भाव सांगून मोकळा होतो.

गाडीचं नाव आणि साल सांगणं पुरेसं नसतं. तिसऱ्या पिढीची टोयोटा प्रियस १९५/६५ आर१५ वरही यायची आणि २१५/४५ आर१७ वरही. बाहेरून गाडी तीच, टायरच्या भावात मात्र चांगलाच फरक.

भारांक किंवा वेगाचं अक्षर थोडं कमी घेतलं तर?

स्टिकरवर आहे त्याच्या खाली जाऊ नका. वर गेलात तर चालतं. भारांक ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५, ९४ म्हणजे ६७०. वेगासाठी ‘टी’ म्हणजे ताशी १९० किमी, ‘एच’ २१०, ‘व्ही’ २४०. ‘आपण कुठे २०० ने गाडी हाकतो’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो हेही सांगतं. भरलेली गाडी, उन्हाळा आणि थोडी कमी हवा एकत्र आली की फरक कळतो.

प्लग-इन हायब्रिडची (जी बाहेरून विजेवर चार्ज करता येते) बॅटरी मोठी असते, त्यामुळे तिथे ‘एक्सएल’ म्हणजे जादा भाराचे टायर नेहमीचे. काही नव्या जड गाड्यांना मापाच्या आधी ‘एचएल’ अशी खूण असलेले टायर येतात. त्यांची भारक्षमता त्याच मापाच्या एक्सएलपेक्षाही जास्त असते. एचएलच्या जागी एक्सएल घालून पैसे वाचवता येत नाहीत.

आमच्या गाडीचे टायर इतके महाग का? शेजारच्या मोठ्या गाडीचे तर स्वस्त आहेत.

भाव रबराच्या वजनापेक्षा मापाच्या खपावर ठरतो. १९५/६५ आर१५ किंवा २०५/५५ आर१६ ही मापं कितीतरी गाड्यांना लागतात, प्रत्येक कंपनी ती बनवते, त्यामुळे चढाओढ असते. याउलट पाचव्या पिढीच्या प्रियसला वरच्या प्रकारांत १९५/५० आर१९ हे माप आहे: उंच आणि अरुंद. अरुंद टायर हवा कमी अडवतो म्हणून कंपनीने ते निवडलं. पण अशा मापात पर्याय मोजकेच आणि सूटही क्वचित.

यावर एक कायदेशीर वाट आहे. तुमच्याच मॉडेलच्या खालच्या प्रकाराला कंपनीने लहान रिम दिली असेल, तर त्या रिमांचा वापरलेला पण सरळ संच घेऊन त्यावर खपाच्या मापाचे टायर घालता येतात. पहिल्याच खेपेला फायदा होईलच असं नाही. दुसऱ्यांदा टायर घेताना मात्र नक्की जाणवतो, वर खड्ड्यात रिम वाकायची भीतीही कमी होते. घेण्याआधी ती रिम तुमच्या ब्रेक कॅलिपरवरून मोकळी फिरते का, आणि मधलं भोक, नटांचं अंतर आणि ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते) जुळतात का, ते बघून घ्या. वरच्या प्रकाराचे ब्रेक कधीकधी मोठे असतात आणि १५ इंची रिम त्यावर बसतच नाही.

कंपनीने न दिलेलं माप घातलं तर चालेल का?

बाहेरचा व्यास मोजून बघा. रुंदी गुणिले टक्केवारी म्हणजे एका बाजूची उंची; तिची दुप्पट करून त्यात रिमचा व्यास मिळवायचा. १९५/६५ आर१५ चा व्यास ६३४ मिमीच्या आसपास येतो, २०५/५५ आर१६ चा ६३२, २१५/४५ आर१७ चा ६२५. म्हणजे पहिल्या दोघांत फरक नावालाच, तिसऱ्यात दीड टक्का.

पण व्यास जुळला म्हणजे सगळं जुळलं असं नाही. रुंदी वाढली की हवा अडते आणि बहुधा रोलिंग रेझिस्टन्सही वाढतो. हायब्रिडला हे परवडत नाही. शिवाय विमा आणि वाहननोंदणीचे नियम न दिलेल्या मापाबद्दल जागोजागी वेगळे आहेत. भाव कमी मिळतो म्हणून माप बदलू नका. कंपनीच्या पुस्तिकेत ते माप असेल तरच विचार करा.

लेबलवरचं काय वाचायचं?

युरोपीय संघाचं लेबल सगळ्यात उपयोगी, कारण त्यामागचे आकडे ठरलेले आहेत. मे २०२१ पासून त्यात ए ते ई असे पाच वर्ग आहेत: एक इंधनासाठी, एक ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी. त्याखाली बाहेरच्या आवाजाचा डेसिबलमधला आकडा. मोटारीच्या टायरमध्ये इंधनाचा ‘ए’ म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स दर टन भारामागे ६.५ किलोइतका किंवा कमी, ‘बी’ ७.७ पर्यंत, ‘सी’ ९.० पर्यंत, ‘डी’ १०.५ पर्यंत, त्यापुढे ‘ई’. जपानमध्ये २०१० पासून वेगळं लेबल आहे. तिथे ‘एएए’ सर्वांत वरचा आणि त्याचीही मर्यादा ६.५ च आहे. अमेरिकेत बाजूवर झीज, पकड आणि उष्णता यांचे दर्जे कोरलेले असतात, इंधनाचा नसतो.

दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे लेबल टायरच्या नावाला नसून त्या मापाला असतं. एकाच नावाचा टायर एका मापात ‘ए’ आणि दुसऱ्यात ‘सी’ असू शकतो, म्हणून जाहिरातीतला वर्ग ग्राह्य धरू नका. आपल्या मापाचं लेबल बघा. दुसरं म्हणजे अमेरिकी झीज-आकडा. ४०० म्हणजे चाचणीतल्या १०० आकड्याच्या टायरच्या चौपट टिकेल अशी कल्पना, पण तो आकडा टायर कंपनीच ठरवते. एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो बरा. दोन कंपन्यांच्या टायरची तुलना त्यावरून करू नये.

इंधनाच्या ‘ए’साठी ओल्या रस्त्यावरची पकड ‘डी’ किंवा ‘ई’ घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. दोन्हीत ‘ए’ किंवा ‘बी’ असलेले टायर आज मिळतात.

कमी रोलिंग रेझिस्टन्सचा टायर महाग आहे. परवडतो का?

हिशेब असा मांडा. रोलिंग रेझिस्टन्स १० टक्के कमी झाला की इंधनात साधारण १ ते २ टक्के फरक पडतो. समजा गाडी १०० किमीला ४.५ लिटर पिते आणि टायर ५०,००० किमी चालणार आहेत. म्हणजे एकूण २,२५० लिटर. ‘सी’ वर्गातला ८.५ चा टायर सोडून ‘ए’ वर्गातला ६.५ चा घेतला तर रोलिंग रेझिस्टन्स साधारण २३ टक्के कमी, म्हणून इंधन अडीच ते साडेचार टक्के कमी. चार टायर मिळून ५० ते १०० लिटर.

म्हणजे एका टायरमागे १२ ते २५ लिटर इंधनाच्या किमतीइतके जास्त पैसे मोजले तरी ते वसूल होतात. त्याहून जास्त मागत असतील तर इंधनाच्या नावाखाली ते देऊ नका. तुमचं धावणं कमी असेल, वर्षाला ५-६ हजार किमी, तर टायर झिजण्याआधी म्हातारा होईल आणि ही बचत अर्धीही हाती लागणार नाही.

आता उलटी बाजू. काही इंधनबचतीचे टायर खाचांची खोली कमी ठेवून तो वर्ग मिळवतात. असा टायर ५०,००० ऐवजी ३५,००० किमीला संपला, तर टायरच्या पैशांतले जवळजवळ ३० टक्के गेले. इंधनात वाचलेलं तिथेच जिरलं. म्हणून लेबलसोबत नव्या टायरची खोली विचारा. ७ ते ८ मिमी चांगली.

नवीन टायर घातल्यावर ॲव्हरेज पडलं. टायर खराब निघाले का?

बहुधा नाही, आणि ही तक्रार हायब्रिडवाल्यांची सगळ्यात नेहमीची आहे. झिजलेल्या टायरमध्ये दबायला रबरच कमी उरलेलं असतं, त्यामुळे त्याचा रोलिंग रेझिस्टन्स नव्यापेक्षा बराच कमी असतो. तुम्ही नव्याची तुलना जुन्याच्या सर्वांत चांगल्या दिवसांशी करत असता.

शिवाय मोजण्यातही फरक पडतो. ३ मिमी उरलेल्या टायरच्या जागी ८ मिमीचा आला की त्रिज्या ५ मिमीने वाढते. ६३४ मिमी व्यासाच्या टायरला हा सुमारे दीड टक्का आहे. चाक तितकं कमी फिरतं, आणि आधी जिथे १,००० किमी दिसायचे तिथे आता ९८४ च्या आसपास दिसतात. गाडी तितकीच चालली, पडद्यावर ॲव्हरेज मात्र कमी आलं. पहिले हजारभर किमी जाऊ द्या, हवेचा दाब थंड टायरवर तपासा, मग बोला. एवढं करूनही ८-१० टक्क्यांची घट कायम राहिली तर टायरचा वर्ग, हवा आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) यांपैकी काहीतरी चुकलं आहे.

कंपनीतून आले होते तेच टायर पुन्हा घ्यावेत का?

गरज नाही. नवी गाडी देताना कंपनी कागदावरच्या ॲव्हरेजला फार जपते, म्हणून मूळ टायर इंधनाला हलके पण कधीकधी उथळ खाचांचे असतात. आणखी एक खोच: त्याच नावाचा टायर बाजारात वेगळ्या रबराचा मिळू शकतो. ‘तुमचाच टायर आहे’ म्हणून दुकानदार दाखवेल तो कंपनीतून आलेल्यासारखाच असेल याची खात्री नसते. ब्रिजस्टोन इकोपिया, योकोहामा ब्लूअर्थ, काँटिनेंटल इकोकाँटॅक्ट, मिशेलिनच्या इंधनबचतीच्या मालिका अशा नावांची यादी घेऊन तुमच्या मापातली लेबलं शेजारी-शेजारी ठेवा. जो जिंकेल तो घ्या.

भाव कसा मागायचा?

‘टायर कितीला?’ असं विचारलं की नुसत्या टायरचा भाव मिळतो आणि बाकीचं बिल करताना बाहेर येतं. ‘चार टायर बसवून, गाडी बाहेर काढेपर्यंत एकूण किती?’ असं विचारा, आणि उत्तर लिहून घ्या. मेसेजवर आलं तर उत्तम. त्या आकड्यात या गोष्टी धरल्या आहेत का ते एकेक विचारा: चार टायर, कर, जुने काढून नवे चढवणं, वजनांसह बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह किंवा सेन्सरचा किट, जुन्या टायरची विल्हेवाट, अलाइनमेंट. यातली अलाइनमेंट बहुतेकदा वेगळी असते आणि ते ठीकच आहे. फक्त आधी कळलं पाहिजे.

निदान तीन ठिकाणी तोच टायर, तेच माप, तोच भारांक सांगून आकडा घ्या. एका दुकानात ‘ए’ टायर आणि दुसऱ्यात ‘सी’ टायर अशा भावांची तुलना निरर्थक. घासाघीस टायरच्या भावावर करण्यापेक्षा बॅलन्सिंग किंवा पहिलं रोटेशन (पुढचे टायर मागे, मागचे पुढे) फुकट मागा. टायरवर दुकानाचा नफा बऱ्याचदा बारीक असतो. मजुरीवर हात सैल सुटतो.

जुने टायर परत घेण्याचे पैसे देत असतील तर आधी त्यांची खोली मोजा. पाच मिमी उरलेले चार टायर ‘भंगार’ म्हणून सोडू नका.

ऑनलाइन स्वस्त दिसतात. घ्यावेत?

घ्या, पण आधी बसवणारा ठरवा. बाहेरून आणलेला टायर चढवायला बरेच टायरवाले जास्त मजुरी लावतात आणि तिथेच ऑनलाइनची सूट विरते. काही विक्रेते टायर थेट बसवणाऱ्याकडे पाठवतात आणि दोन्हींचे पैसे एकत्र घेतात. तो मार्ग सोपा. चूक निघाली तर परतीच्या मालाचं भाडं कोण भरणार हे पैसे भरण्याआधी वाचा, कारण चार टायरचं पार्सल हलकं नसतं.

एकदा रिमवर चढलेला टायर कोणी परत घेत नाही. म्हणून मशीनवर जाण्याआधी प्रत्येक टायर फिरवून बघा: माप, भारांक, अक्षर, नक्षी आणि तारीख. चारपैकी एकाचं अक्षर वेगळं निघणं ही अगदी घडणारी गोष्ट आहे.

तारीख कुठे असते? जुन्या तारखेचा टायर सुटीत मिळत असेल तर?

बाजूवर ‘डॉट’ अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ च्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला कोरलेली असते, म्हणून बाहेर चार आकडे दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघा.

सावलीत, नीट ठेवलेला वर्ष-दीड वर्षाचा टायर नव्यासारखाच. त्यावर चांगली सूट मिळत असेल तर आनंदाने घ्या. नक्षी बंद होणार असली की असा माल निघतो. मात्र चार टायर एकाच वेळी मिळतील याची खात्री करा, नाहीतर पुढे एक फाटला की जोड मिळत नाही. तीन वर्षांहून जुना टायर फक्त खूप गाडी चालवणाऱ्यानेच घ्यावा. कारण टायरचं वय बनल्यापासून मोजतात: मिशेलिन पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांना, खाचा असोत-नसोत, बदल सुचवते.

कधी बदलायचे?

बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे. खाचांच्या तळाशी असलेल्या छोट्या आडव्या पट्ट्या त्याच उंचीच्या असतात. पावसाळी रस्त्यावर ३ मिमीला बदलणं शहाणपणाचं, कारण त्याखाली खाचांतून पाणी वेळेवर बाहेर पडत नाही. खोली मोजायचा गेज अगदी स्वस्त मिळतो. आतली, मधली, बाहेरची अशी तीन ठिकाणी मोजा.

भाव शोधायला सुरुवात मात्र ४ मिमीला करा. टायर फुटल्यावर किंवा टकला झाल्यावर दुकानात गेलात की समोर असेल तो घ्यावा लागतो.

दोनच बदलले तर?

पुढची मोटर असलेल्या हायब्रिडला चालतं. नवे दोन मागे घाला, जुने पुढे. लोकांना हे उलटं वाटतं. पण ओल्या रस्त्यावर पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते. मागचे घसरले तर गाडी फिरते.

चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत आधी पुस्तिका बघा. काही हायब्रिडमध्ये मागे वेगळी मोटर असते आणि पुढच्या-मागच्या चाकांत शाफ्टच नसतो; तिथे थोडा फरक खपतो. जिथे शाफ्ट आहे तिथे झीज समान हवी, नाहीतर दोन टायर वाचवताना गिअरचं काम अंगावर येतं. एका ॲक्सलवर दोन वेगळ्या नक्ष्या कुठल्याच गाडीत नकोत.

वापरलेले टायर अर्ध्या भावात मिळतात.

नव्याची खोली ८ मिमी आणि तुम्ही ३ मिमीला बदलणार, म्हणजे वापरायला ५ मिमी. वापरलेल्यात ५ उरले असतील तर तुमच्या वाट्याला २. अर्धे पैसे देऊन ४० टक्के माल मिळाला, आणि चढवण्या-बॅलन्सिंगची मजुरी पूर्ण. स्वस्त कुठे झालं? त्यात आतून जुनी दुरुस्ती आहे का, हवा कमी असताना चालवून बाजूच्या आत रबराची भुकटी पडली आहे का, हे रिमवरून काढल्याशिवाय कळत नाही. घ्यायचाच असेल तर काढलेला, आतून उघडा दाखवा म्हणा.

हवेच्या दाबाचे सेन्सर बदलावे लागतात का?

आधी तुमच्या गाडीत ते आहेत का ते बघा. काही गाड्या चाकाच्या फिरण्यावरूनच अंदाज बांधतात. तिथे बदलायला काही नसतं, फक्त नंतर मेनूमधून दाब नव्याने नोंदवायचा. रिममध्ये सेन्सर असेल तर प्रत्येक वेळी व्हॉल्व्हचा छोटा किट (वॉशर, नट, आतली पिन, टोपी) बदलावा. सेन्सरची बॅटरी सीलबंद असते, साधारण ५ ते १० वर्षं चालते. सात-आठ वर्षं जुने सेन्सर असतील तर टायर उतरलेलाच असताना बदलून घ्या. सहा महिन्यांनी बदललात तर चढवण्या-उतरवण्याची मजुरी पुन्हा. चालू सेन्सर मात्र ‘बदलावेच लागतात’ म्हणून गळ्यात मारू देऊ नका.

नायट्रोजन भरून घ्यावा का?

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट देत असतील तर घ्या.

दुकानात हायब्रिड उचलताना काय सांभाळायचं?

‘रेडी’चा दिवा विझलेला असला पाहिजे. तो लागलेला असेल तर गाडी शांत दिसली तरी बंद नसते; बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. गाडी पार्कमध्ये, बटणाने पूर्ण बंद, हँडब्रेक लावलेला, आणि बिनचावीची असेल तर चावी गाडीपासून लांब. जॅक फक्त नेमलेल्या जागी लावायचा. काही गाड्यांत जमिनीखालून नारिंगी वेष्टणाच्या उच्च दाबाच्या तारा जातात. घाईत मधेच कुठेतरी जॅक लावला तर टायरच्या बिलापेक्षा कितीतरी मोठं बिल तयार होतं.

गाडीला स्टेपनी नाही. टायर घेताना याचा विचार करावा का?

करावा. बॅटरीने जागा घेतल्यामुळे बऱ्याच हायब्रिडमध्ये स्टेपनीऐवजी द्रव आणि पंप असलेला किट असतो. हा द्रव नक्षीतल्या लहान भोकाला चालतो, बाजू फाटली तर त्याचा उपयोग शून्य. डब्यावर मुदत असते, ती संपलेली असेल तर टायरसोबतच नवा डबा घ्या. द्रव वापरला असेल तर पंक्चरवाल्याला आधी सांगा. तो धुवावा लागतो आणि सेन्सरही साफ करावा लागतो. पंक्चर कायमचं काढता येतं ते नक्षीच्या मधल्या भागातलं आणि साधारण ६ मिमीपर्यंतचं. काही महाग टायरमध्ये आवाज कमी करायला आतून फोम चिकटवलेला असतो. तिथे फोम कापून दुरुस्ती करावी लागते आणि प्रत्येक पंक्चरवाला ते करत नाही. आडवाटेला जास्त फिरणाऱ्याने फोमवाल्या टायरसाठी जादा पैसे मोजू नयेत.

बसवून झाल्यावर पैसे देण्याआधी काय बघायचं?

दिशेचा बाण असलेले टायर पुढच्या दिशेने फिरतात का. बाहेरची बाजू लिहिलेले टायर तशीच बाजू बाहेर करून बसले आहेत का. नट शेवटी टॉर्क पान्याने आवळले का: टोयोटाच्या अनेक गाड्यांत तो आकडा १०३ न्यूटन-मीटर आहे, तुमचा पुस्तिकेत असेल. हवेच्या बंदुकीने आवळून सोडलेले नट एकतर इतके घट्ट बसतात की रस्त्यात निघत नाहीत, नाहीतर असमान राहून ब्रेक डिस्क वाकवतात. ५० ते १०० किमी चालल्यावर पुन्हा एकदा तपासून घ्या.

अलाइनमेंटचा छापील कागद मागा, आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला. जुन्या टायरवर हात आडवा फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखा लागत असेल तर टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) चुकलेला होता. तो न सुधारता घातलेले नवे टायर त्याच वाटेने जातील.

घेतलेले टायर जास्त टिकावेत म्हणून?

दर ८ ते १० हजार किमीला पुढचे मागे, मागचे पुढे. बाणाचे टायर त्याच बाजूला ठेवून अदलाबदल करायची. रोटेशनची पावती जपून ठेवा, कारण किलोमीटरची हमी असलेल्या टायरवर दावा करताना बहुधा ती मागतात. त्या हमीत पूर्ण पैसे परत मिळत नाहीत. न वापरलेल्या वाट्याइतकी सूट मिळते, तीही बहुतेकदा त्याच कंपनीच्या पुढच्या टायरवर.

हवा महिन्यातून एकदा, सकाळी गाडी हलवण्याआधी. बाहेरचं तापमान ५-६ अंशांनी घसरलं की दाब साधारण १ पीएसआयने उतरतो, त्यामुळे थंडी सुरू झाली की एकदा जास्तीची तपासणी. ॲव्हरेजच्या हौसेपायी स्टिकरपेक्षा ८-१० पीएसआय जास्त भरणारे बरेच भेटतात. त्यांच्या टायरची मधली पट्टी आधी जाते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब जातो. स्टिकरच्या आकड्यावर एक-दोन पीएसआय जास्त चालतील, त्यापुढे नको.